गहू असूनही उपाशी

नववीच्या वर्गात मी एका वाक्यात सांगून मोकळा झालो होतो, "आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला आणि लोक अमेरिकेला गेले." मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, मग त्यांनी गहू का नाही खाल्ला?" तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून वाचायला बसलो.

1845 मध्ये बटाट्यावर करपा आला. पुढची काही वर्षं तो पुन्हा पुन्हा येत राहिला. गरीब कुळांचं पोट बटाट्यावरच होतं. शेतात गहू, ओट पिकत होते, पण ते खंड भरण्यासाठी. ऐन दुष्काळातही धान्य, लोणी, जनावरं बोटीने इंग्लंडला जात होती. गहू खाल्ला तर खंड थकणार. खंड थकला तर घर जाणार.

1847 च्या कायद्यात एक कलम होतं. पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत नाही. भाकरी हवी असेल तर जमीन सोडा. जमीन सुटली की अनेक ठिकाणी जमीनदाराची माणसं झोपडीही पाडत.

मग उरली बोट. कॅनडातून लाकूड आणणारी जहाजं परतताना स्वस्तात माणसं भरून नेत. दाटीवाटीत टायफस पसरे. क्वेबेकजवळच्या ग्रॉस ईल बेटावर 1847 या एकाच वर्षात पाच हजारांहून जास्त माणसं पुरली गेली. त्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास लोक मेले आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेले.

मला सगळ्यात लागली ती त्यांची निरोपाची रीत. कुणी अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री गाव त्या घरी जमे, जसा मय्यतीच्या घरी जमतो. गाणीही होत, रडणंही होई. जिवंत माणसाचं मातम! पुन्हा भेट नाही, हे आईलाही ठाऊक असे आणि निघणाऱ्यालाही.

पुढच्या तासाला मी वर्गात कबूल केलं, "परवा मी अर्धवट सांगितलं होतं." मग आधी खंड समजावला, नंतर बटाटा. त्या मुलीने पुन्हा हात वर केला, "सर, मग बोटीवर धान्य चढवत कोण होतं?"

मी म्हटलं, "त्याच देशातले हमाल, बेटा. आणि गाड्यांना बंदोबस्त शिपायांचा."

या वेळी घंटा व्हायला वेळ होता. वर्ग मात्र गप्प होता.