गुंजभर दारू

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाने दारूच्या मापावर लेख लिहावा हा एक विनोदच आहे. सत्तरच्या दशकापासून आमच्याकडे दारूबंदी आहे. ती किती आहे हे विचारू नका, सेवाग्राम जवळच आहे, बापूंना ऐकू जाईल :) पण मंडळी, आजची दारू वेगळी. ही काडतुसातली. आणि ती मोजायची म्हणजे किती डोकेफोड असते, हे मला गेल्या दोन महिन्यांत कळलं.

विषय निघाला माझ्या मामेबहिणीमुळे. ती एकोणीस वर्षांची, पिपरी मेघेत राहते, बीएस्सी करते आणि ५० मीटर रायफल नेमबाजी खेळते. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली तेव्हा ही बालवाडीत होती, त्यामुळे तिचा देव म्हणजे स्वप्नील कुसाळे. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा, तेव्हा रेल्वेत टीसी असलेला हा पोरगा पात्रता फेरीत ५९० गुण घेऊन सातवा आला आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या फायनलमध्ये ४५१.४ गुणांवर ब्राँझ घेऊन गेला. त्या दिवसापासून मामांच्या पेन्शनमधला बराच हिस्सा काडतुसांवर जातो.

एका शनिवारी तिचा फोन.

"दादा, तू इंजिनिअर आहेस ना? मग सांग, चूक माझी आहे का गोळीची?"

तिचं म्हणणं असं की काही डब्यांच्या गोळ्या नीट एका ठिकाणी बसतात आणि काही डब्यांच्या उभ्या रेषेत वर-खाली पसरतात. प्रशिक्षक म्हणतात, श्वास चुकतोय. महिनाभर ती श्वासावर काम करत होती, गुण वाढायच्या ऐवजी कमी होत होते, आणि राज्य स्पर्धा तोंडावर. आवाजावरून कळत होतं की सोडून देण्याचा विचार चाललाय. मग पुढचा प्रश्न: "अमेरिकेत लोक म्हणे घरीच काडतुसं भरतात. एकदम सारखी. आपल्याला नाही का येणार?"

आता योगायोग बघा. आमच्या प्रोजेक्टवर टेक्सासचा एक जण आहे, त्याचा हाच छंद. सोमवारचा कॉल संपला की पाचेक मिनिटं तो गॅरेजमधल्या उद्योगांबद्दल बोलतो. या वेळी मी त्याला बोलू दिलं, आणि पाऊण तास गेला.

घरी काडतूस भरणं म्हणजे थोडक्यात असं. एकदा उडवलेली पितळी केस दाबून परत मापात आणायची, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, दारू घालायची, वर गोळी बसवायची. यातलं दारू घालणं सगळ्यात सोपं दिसतं आणि तिथेच गडबड होते.

दारू दोन प्रकारे मोजता येते, मापाने किंवा वजनाने. मापाचं यंत्र असतं, वर डबा, खाली फिरणारा दांडा, दांड्यात खड्डा. दांडा एकदा फिरवला की खड्डाभर दारू पडते. आपली पायलीच की ही! आणि पायलीचे सगळे दुर्गुण तिच्यात आहेत. धान्य विकणारा पायली हलवून भरतो का अलगद भरतो, यावर किती दाणे बसतात हे ठरतं, हे आपल्याकडे आजीलाही माहीत असतं. इथेही तेच. दांडा जोरात आपटला तर दारू जास्त दबते, हळू फिरवला तर कमी. वरचा डबा भरलेला असताना एक वजन पडतं, रिकामा होत आला की दुसरं. म्हणून तो माणूस हात घड्याळासारखा एकाच लयीत फिरवतो आणि डबा अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही.

दाण्याचा आकारही महत्त्वाचा. काही दारू राजगिऱ्यासारखी गोल असते, ती पाण्यासारखी वाहते. काही शेवयांच्या बारीक तुकड्यांसारखी असते. ते तुकडे एकमेकांत अडकून तोंडाशी पूल बांधतात. मग एका काडतुसात कमी पडते आणि पूल मोडला की पुढच्यात जास्त.

मग वजनच का करू नये? करतात. नेमबाज लोक थोडी कमी दारू मापाने टाकतात आणि उरलेली चिमूट-चिमूट काट्यावर पूर्ण करतात. पण काट्याचेही नखरे असतात. इलेक्ट्रॉनिक काटा चालू करून अर्धा तास गरम होऊ द्यायचा, एसीचा झोत बंद करायचा, मोबाईल लांब ठेवायचा, आणि दर दहा-वीस काडतुसांमागे माहीत असलेलं वजन ठेवून काटा सरकला नाही ना हे बघायचं. त्याचा काटा ०.१ ग्रेनपर्यंत दाखवतो. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, तेव्हा ०.१ ग्रेन म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम.

हे ग्रेन ऐकून मला आमच्या वर्ध्याच्या सराफाची आठवण झाली. इंग्रजांनी तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. भागाकार करा, एक गुंज पावणेदोन ग्रेनच्या थोडी वर येते. आणि माझी बहीण वापरते त्या पॉइंट टू-टू काडतुसात साधारण एक ते दीड ग्रेन दारू असते. म्हणजे गुंजभरही नाही! तेवढ्या दारूवर अडीच ग्रॅमचं शिसं सेकंदाला सव्वातीनशे मीटर वेगाने निघतं.

आता फरक पडून पडून किती पडणार, असं मलाही वाटलं. मग कागद घेतला. अकरावीचं फिजिक्स आहे, घाबरू नका. वेग ३२५ मीटर प्रति सेकंद असेल तर ५० मीटर जायला ०.१५४ सेकंद लागतात. हवेचा अडथळा सोडून दिला तर तेवढ्या वेळात गोळी ११.६ सेंटिमीटर खाली येते. वेग १० ने कमी करा, ३१५ धरा. आता ती १२.४ सेंटिमीटर खाली येते. फरक साडेसात मिलिमीटर. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे तीन टक्के वेग बदलला की अगदी मधली गोळी दहाच्या कडेबाहेर घसरायला लागते. आणि हे फक्त उभ्या दिशेत होतं! वेगामुळे गोळी डावी-उजवीकडे जवळपास जात नाही. पोरगी म्हणत होती तेच.

मग काय, मी उत्साहात पुढच्या वीकांताला घरी गेलो आणि जेवताना मामांसमोर हा सगळा विषय काढला. घरी भरण्याचासुद्धा.

मामांनी घास खाली ठेवला.

"माह्या घरात दारू येनार नाही. बास."

मामांची पूर्ण नोकरी पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात गेली. आमच्याकडे सगळे त्याला नुसतं 'डेपो' म्हणतात. वर्ध्याहून तीसेक किलोमीटर. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली आणि स्फोट झाले, तेव्हा माझी नुकतीच बारावी झाली होती. दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला गेलेले जवान धरून पंधरापेक्षा जास्त माणसं गेली. आसपासच्या गावांतले लोक रातोरात घरं सोडून निघाले. मामांची त्या रात्री ड्युटी नव्हती. गेलेल्यांपैकी काहींना ते चेहऱ्याने ओळखत होते, रोज गेटवर नमस्कार व्हायचा. त्यानंतर दिवाळीला त्यांच्या घरी फटाके आलेले मी पाहिले नाहीत.

तसा कायद्यानेही प्रश्न मिटलेलाच होता. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि स्फोटकांचे परवाने बघणारं केंद्र सरकारचं मुख्य कार्यालय तर आमच्या नागपुरातच आहे. शिवाय टेक्सासवाल्याने शेवटी हसत एक गोष्ट सांगितली होती. पॉइंट टू-टूमध्ये प्रायमर वेगळा नसतोच, केसच्या कडेच्या घडीत स्फोटक मसाला भरलेला असतो. तो एकदा पेटला आणि पिनने कड चेपली की केस भंगारात. त्याचं सगळं ज्ञान मोठ्या काडतुसांसाठी. आणि तिथेही त्याला भीती मिलिग्रॅमच्या फरकाची नाही, दोनदा दारू पडण्याची आहे. लहान केसमध्ये दुप्पट दारू आरामात मावते, बाहेरून काही कळत नाही, आणि बंदूक हातात फुटते. म्हणून तो गोळी बसवण्याआधी सगळ्या केसेस ओळीने उभ्या करून टॉर्चने आत बघतो. प्रत्येक वेळी.

मी हे सांगत होतो आणि बहीण मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडत होती. तिच्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालंच नव्हतं. ते दिलं मामांनी, हात धुऊन आल्यावर.

"भाच्या, तू एक एक गोळी काऊन पाहून राह्यला? लॉट पाह्य. डब्यावर लॉट नंबर असते. आमच्याकडे सारं लॉटवरच चाले. एका लॉटची दारू एक, मशीन एक, दिवस एक. खराब निघाला त पुरा लॉट बाजूले."

घ्या! जगातले मोठे नेमबाज हेच करतात हे मला नंतर वाचून कळलं. इंग्लंड-जर्मनीतले कारखाने रायफल शिकंज्यात पकडून वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडून दाखवतात आणि ज्या रायफलला जो लॉट मानवतो तो खेळाडू उचलतो. एकच कंपनी, एकच नाव, एकच डबा, पण रायफलीला लॉट मानवला पाहिजे.

आमच्याकडे शिकंजा नव्हता. आम्ही गरिबाची पद्धत काढली. तिच्याकडे तीन लॉटचे डबे होते. मी नंबर झाकून त्यांना क, ख, ग म्हटलं, गोळ्या दहा-दहाच्या गटांत उलटसुलट क्रमाने दिल्या, कुठली कोणती हे तिला सांगितलं नाही. प्रत्येक लॉटच्या ५०, एकूण १५० गोळ्या. दोन रविवार गेले. मामा मागे खुर्ची टाकून बसले होते, १५० गोळ्यांचा हिशोब मनात करत असणार, पण बोलले नाहीत. प्रत्येक छिद्र मी स्केलने मोजून एक्सेलमध्ये भरलं (आयटीवाला दुसरं काय करणार).

आडवा पसारा तिन्हींचा सारखा. उभा पसारा क आणि खचा जवळपास सारखा, गचा त्यांच्या दीडपट. नेमबाज तीच, श्वास तोच, क्रम तिला माहीत नाही. म्हणजे उभ्यातला तो जास्तीचा हिस्सा गोळीचा होता. आडवा पसारा मात्र तिचा स्वतःचा, त्याला कुठलाही लॉट जबाबदार नाही, हेही मी तिला सांगितलं.

"म्हंजे श्वास बरोबर होता?"

"श्वास बरोबर होता. ट्रिगरवर काम कर."

ती इतकी हसली की रेंजवरच्या दोघांनी वळून बघितलं. गेला महिनाभर ती ग लॉटच्याच गोळ्यांवर श्वास सुधारत होती, कारण तो डबा सगळ्यात मोठा होता.

त्या संध्याकाळी मामांनी मार्करने क आणि ख च्या डब्यांवर मोठ्या अक्षरात 'स्पर्धा' लिहिलं आणि ग वर 'सराव'. मग ते तिन्ही कपाटात कुलपाखाली गेले, किल्ली नेहमीप्रमाणे त्यांच्या कमरेला. स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. निकाल काय लागेल तो लागो, ती रोज सकाळी साडेपाचला उठतेय.

असो. बराच वेळ घेतला तुमचा. पुढच्या शनिवारी भेटू.