भाचेबुवांची वही आणि डिस्नेची नगरी

सुट्टीत कुठं जायचं ठरलं की तुमच्या घरात काय होतं? आमच्या घरात दोन तट पडतात. एक वही-पेन घेऊन बसतो. दुसरा म्हणतो, "एवढं काय त्यात? जाऊ तेव्हा बघू!" पहिल्या तटाचा सेनापती म्हणजे माझा भाचा, वय वर्षं तेरा. दुसऱ्या तटाची सेनापती त्याची आजी, म्हणजे माझी आई. तिची सगळी तयारी एका पिशवीत मावते. पिशवीत दशम्या, लसणाची चटणी, पाण्याची बाटली आणि छत्री.

या दोन सेनापतींना घेऊन आम्ही २०१९ च्या जूनमध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला निघालो, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड बघायला. ताई आणि भावोजी अटलांटाला राहतात. मी आणि आई साताऱ्याहून त्यांच्याकडे गेलो होतो. बरोबर भाचेबुवा आणि त्याची सहा वर्षांची धाकटी बहीण.

थीम पार्क तुम्हाला नवं नाही. खोपोलीजवळचं इमॅजिका तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. आणि आई-बाबांना विचारा, ते गोराईच्या एस्सेलवर्ल्डच्या आठवणी सांगतील. ते १९८९ साली सुरू झालं होतं, आता बंद झालंय. पण डिस्ने वर्ल्डचा आकार ऐकलात तर चक्रावून जाल. सुमारे १०० चौरस किलोमीटर! एक बाग नाहीच ती. तिच्या पोटात चार मोठाली पार्कं, पाण्याचे खेळ, हॉटेलं, रस्ते, तळी. त्यातलं सगळ्यात जुनं मॅजिक किंगडम, १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलेलं. आमच्याकडे एकच दिवस होता, म्हणून आम्ही तेवढंच निवडलं. माझ्या मते आमच्या सगळ्या तयारीतला हा एक निर्णय सगळ्यात शहाणपणाचा होता. एका दिवसात दोन पार्कं बघायला निघालेली माणसं आम्ही पाहिली. बिचारी बघत नव्हती, नुसती पळत होती.

आता वहीकडे वळू. भाचेबुवांनी शंभर पानी वही घातली होती. सकाळी नऊ ते रात्री दहा, दहा-दहा मिनिटांचे रकाने. कुठली राइड, किती मिनिटं, तिथून पुढच्या राइडपर्यंत किती मिनिटं चालायचं, सगळं लिहिलेलं. त्या वेळी तिथं तीन राइड्सची वेळ फुकट राखून ठेवता येई, आणि बाहेर राहणाऱ्यांना ती ३० दिवस आधी मिळे. त्यासाठी हा पठ्ठ्या सुट्टीत सकाळी सातला उठून संगणकापुढे बसला होता! (ती फुकटची सोय आता नाही. २०२१ पासून पैसे मोजावे लागतात.)

हा खटाटोप कशासाठी, ते जरा गणितानं बघू. समजा, एका राइडमध्ये तासाला १,५०० माणसं बसू शकतात. दार उघडल्यावर पहिल्या तासात तिथं ३,००० माणसं आली. म्हणजे तासाभरानं १,५०० जण बसून गेले आणि १,५०० रांगेत उरले. आता शेवटी आलेल्याला किती वेळ उभं राहावं लागेल? बरोबर, एक तास! पुढे दिवसभर तासाला १,५०० च येत राहिले तरी ही रांग कमी होत नाही, तासाची ती तासाचीच राहते. पण दार उघडताना जो पहिला आत गेला, त्याला रांगच नाही. म्हणून अशा ठिकाणी सकाळचा एक तास दुपारच्या तीन तासांच्या तोडीचा असतो. एवढं गणित समजलं की तुमचं निम्मं नियोजन झालं असं समजा.

भाचेबुवांना हे गणित पक्कं येत होतं. चूक दुसरीकडेच झाली. आमची गाडी वाहनतळावर बरोबर साडेआठला लागली. वहीप्रमाणे नऊला आम्ही आत असायला हवं होतं. पण मॅजिक किंगडमचं दार वाहनतळाला लागून नाहीच मुळी! मध्ये एक मोठं तळं आहे. आधी छोट्या गाडीतून तळ्याच्या काठी यायचं, मग बोटीनं किंवा एकाच रुळावरून धावणाऱ्या मोनोरेलनं पलीकडे जायचं. त्यात सामानाची तपासणी. आम्ही आत पोचलो तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. वहीतले पहिले तीन रकाने बोटीतच बुडाले. आई मात्र बोटीत जाम खूश! "अगदी महाबळेश्वरच्या वेण्णा लेकसारखं," म्हणाली.

या तळ्याची एक गंमत सांगते. ते माणसांनी खणलेलं आहे. खणताना निघालेली माती टाकून पलीकडची जमीन उंच केली आणि तिच्यावर पार्क वसवलं. आणि त्याच्या खाली आहेत बोगदे! पार्कमधली कामगार मंडळी, वेष केलेली पात्रं, सामान, कचरा, सगळी ये-जा तिथून चालते. फ्लोरिडात जमिनीखाली थोडं खणलं तरी पाणी लागतं, म्हणून बोगदे आधी जमिनीवरच बांधले आणि मग भोवती भराव टाकला. म्हणजे आपण ज्या रस्त्यावरून चालतो, ती खरं तर बोगद्यांची गच्ची! खरं नियोजन बघायचं असेल तर ते हे.

अकराच्या रकान्यात लाल शाईनं लिहिलं होतं, 'स्पेस माउंटन.' काळोखात धावणारी ही आगगाडी. तिचा वेग ताशी ४५ किलोमीटरसुद्धा नाही. आपली एस.टी. त्याहून जोरात जाते. पण काळोखात पुढचं वळण दिसत नाही, त्यामुळे पोटात गोळा येतो. धाकटीनं महिनाभर याच राइडचा जप चालवला होता. "दादा, मी तुझ्या पुढच्या सीटवर बसणार हं!" हे रोज दहा वेळा.

राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी होती. हिच्यासाठी किमान उंची ४४ इंच, म्हणजे ११२ सेंटीमीटर. धाकटी भरली ११०.

तिथल्या ताईंनी दोनदा मोजून पाहिलं. गुडघ्यावर बसून तिच्याशी गोड बोलल्या, पण आत सोडलं नाही. आणि सोडायला नकोच. बसणाऱ्याला जागेवर धरून ठेवणारा दांडा ठरावीक आकाराच्या शरीरासाठी केलेला असतो, लहान मूल त्यातून निसटू शकतं. अशा ठिकाणी "जाऊ द्या ना, दोनच सेंटीमीटर" असं म्हणणारे बाबा पाहिले की मला फार राग येतो.

धाकटी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पट्टीकडे बघत उभी राहिली. भाचेबुवांचा चेहरा उतरला. शंभर पानं लिहिली, पण बहिणीची उंची मोजायला हा गडी विसरला होता! ही माहिती आधीच मिळते, फक्त बघायची राहून गेली होती. भावोजी म्हणाले, "तू आणि मी जाऊन येऊ, आई थांबेल हिच्यापाशी. मग आपण आल्यावर आई जाईल, तिला पुन्हा रांग लावावी लागणार नाही." अशी सोय तिथं खरंच आहे, लहान मूल बरोबर असलेल्यांसाठी. पण भाचा म्हणाला, "मला नाही जायचं." महिनाभर आधी सातला उठून मिळवलेली वेळ त्यानं सोडून दिली. आम्ही पुष्कळ समजावलं. नाही म्हणजे नाही.

मग वहीप्रमाणे पुढे काय? पुढे आभाळच फाटलं. तीनच्या सुमारास असा गडगडाट सुरू झाला की बोलायची सोय नाही. फ्लोरिडा ही समुद्रात घुसलेली जमिनीची जीभ आहे. उन्हाळ्यात दुपारी दोन्ही किनाऱ्यांवरून दमट वारे आत येतात, मध्यावर एकमेकांना धडकतात, वर चढतात आणि त्यांचे ढग होतात. जूनमध्ये हे जवळजवळ रोजचंच. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. वहीत चार ते सहा सगळ्या उघड्यावरच्या राइड्स! छत्री कुणाकडे होती? दुसऱ्या तटाच्या सेनापतीकडे.

एका छत्रीत सहाजण मावणार कसे? समोर जे दार दिसलं त्यात शिरलो. ते होतं 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस.' वहीत याचं नावही नव्हतं. मूळचा हा खेळ १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेला. इथं रंगमंच जागेवर राहतो आणि प्रेक्षकांच्या खुर्च्या भोवती फिरतात! एकच कुटुंब, पण प्रत्येक वळणावर काळ पुढे सरकलेला. कुटुंबातली माणसं यंत्राची. आधी साधंसुधं घर, मग वीज आली, मग स्वयंपाकघरात यंत्रं आली. वीसेक मिनिटं गार हवेत बसून बघायचं. आईला इंग्रजी फारसं कळत नाही, पण ती सगळं ओळखत होती. "आमच्याकडे दिवे आले तेव्हा मी तुझ्याएवढी होते," ती नातवाला सांगू लागली. त्याआधी कंदिलाच्या काचा रोज संध्याकाळी राखेनं पुसाव्या लागत, एक काच तिच्या हातून फुटली तेव्हा ती वाड्याच्या जिन्याखाली लपून बसली होती, हे मी मुलगी असून मलाही माहीत नव्हतं! धाकटीनं विचारलं, "मग सापडलीस का गं?" पाऊस थांबला तरी आम्ही तिथंच दाराशी उभे.

तुम्ही म्हणाल, मावशी, मग वही उगाचच का? छे छे! ती नसती तर सकाळी पंधरा मिनिटांच्या आत जी पहिली राइड मिळाली, तिच्यासाठी दुपारी दीड तास उभं राहावं लागलं असतं. तारीख, तिकीट, एखाद-दुसरी नक्की करायची राइड, सगळ्यांची उंची, सकाळी किती वाजता दाराशी असायचं आणि म्हातारं माणूस कुठं टेकेल, एवढं घरून ठरवावंच. नाताळाच्या आठवड्यात तर तिथं मुंगीला शिरायला जागा नसते, म्हणून तारीख आधी. खाण्याचंही आधी बघून ठेवा. घरचा डबा तिथं नेता येतो, काचेची बरणी तेवढी चालत नाही. म्हणून आमच्या दशम्या बिनबोभाट आत गेल्या. प्रत्येक पार्कात असं चालेलच असं नाही. पण दहा-दहा मिनिटांचे रकाने? अहो, खुद्द डिस्नेसाहेबांनाही ते जमलं नव्हतं! त्यांचं पहिलं पार्क, कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड, १७ जुलै १९५५ ला उघडलं. वर्षभराची तयारी, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. आणि झालं काय? बनावट पास घेऊन हजारो जास्तीचे लोक घुसले, आकडा २८,००० वर गेला. नळकामगारांचा संप झालेला असल्यामुळे प्यायच्या पाण्याचे नळ पुरेसे नव्हते. उन्हानं ताजं डांबर मऊ होऊन बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या!

संध्याकाळी आईचे गुडघे बोलू लागले. दिवसभरात ती किती चालली होती, देव जाणे. वहीत तिच्यासाठी एकही रकाना नव्हता. किल्ल्यामागे मेरी-गो-राउंड आहे, त्याच्यासमोर बाक मिळाला. ते घोडे १९१७ साली केलेले, म्हणजे पार्कपेक्षा चोपन्न वर्षांनी म्हातारे! आधी दुसऱ्या राज्यातल्या एका बागेत धावत होते. त्यांना उंचीची अट नाही. धाकटी एका पांढऱ्या घोड्यावर बसली. उतरली आणि पुन्हा रांगेत. पुन्हा बसली. पाच वेळा! शेजारच्या घोड्यावर दर वेळी तिचा दादा.

वॉल्ट डिस्ने सांगत, की लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्यांच्या मुली मेरी-गो-राउंडवर बसत आणि ते बाकावर शेंगदाणे खात बसत. तिथंच त्यांना वाटलं, आई-बाप आणि मुलं मिळून मजा करतील अशी एखादी जागा हवी. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "शेंगदाणे आणायला हवे होते."

परत गेल्यावर भाच्यानं घराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं ११२ सेंटीमीटरची रेघ मारली. दिवाळीत फोन आला. धाकटी ओरडत होती, "मावशी, रेघ खाली गेली!" पुढे २०२० मध्ये करोनामुळे सगळंच बंद पडलं आणि त्यांना पुन्हा जायला २०२२ उजाडलं. या वेळी वहीत एकच पान भरलं होतं, असं ताई सांगत होती. सगळ्यात वर दोन आकडे लिहिलेले. एक धाकटीच्या उंचीचा आणि दुसरा मोनोरेलला लागणाऱ्या मिनिटांचा.