गडावर पाणी कुठंय?

तीन महिने मी ब्लेंडरमध्ये एक मध्ययुगीन किल्ला रचत होतो. धुक्यातला कडा, निमुळते मनोरे, निळी छपरं. मग लक्षात आलं, डोक्यात बसलेला किल्ला बव्हेरियातला नॉयश्वानस्टाइन आहे आणि त्याचं बांधकामच १८६९ साली सुरू झालं. दुसऱ्या लुडविग राजाला मध्ययुगाची हौस होती. मी त्या हौसेची नक्कल करत होतो.

मनोरे बुटके केले. खिडक्या बुजवून बाणांपुरत्या फटी ठेवल्या. दगड तरी प्लास्टिकचेच दिसत. रफनेस वाढवला, भिंतींवर पावसाचे ओघळ काढले.

बाबांना दाखवलं. गुडघ्यांमुळे त्यांचे गड सुटले त्याला सहा वर्षं झाली. बराच वेळ पाहून म्हणाले, "छान आहे रे. पण गडावर पाणी कुठंय?"

"बाबा, काल्पनिक आहे हो."

"मग तिथल्या माणसांना तहान लागत नाही?"

रात्री आतल्या चौकात विहीर खोदली. काठावर दोरानं पडलेल्या खाचाही कोरल्या. विहीर आली तशी तिच्याकडे जाणारी, पावलांनी झिजलेली वाटही करावी लागली.

सकाळी बाबांनी माउस मागून घेतला. कड्याच्या पायथ्यापासून विहिरीपर्यंत कॅमेरा न्यायला त्यांना अर्धा तास लागला. मध्ये दोनदा थांबले.