गोलबाजारातला भांडागारिक

असं काम जगात असतं आणि त्याचा पगारही मिळतो, हे इतक्या उशिरा कसं कळलं मला! संग्रहालयात वस्तू सांभाळणारे असतात, हे ठाऊक होतं. पण आलेल्या माणसाला त्या वस्तूपाशी थांबवायचं, बोलतं करायचं, यासाठी वेगळी माणसं असतात. आणि त्यांच्यातलीच काही पुढे अख्खं संग्रहालय चालवतात! बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्र १९५२ पासून शिकवतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस तर २०१५ पासून प्रदर्शन घेऊन थेट शाळांच्या दारात जाते.

माझ्या डोक्यात हे खूळ शिरलं ते मात्र रायपुरात, एका लाकडापायी. राजनांदगावच्या महंत घासीदासांच्या देणगीतून १८७५ मध्ये सुरू झालेलं इथलं संग्रहालय. सिरपूरच्या कांस्यमूर्तींसाठी लोक येतात, आणि यावंच. पण किरारीचा खांब! १९२१ मध्ये किरारी गावचं तळं आटलं आणि गाळातून हा लाकडी खांब वर आला. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची ब्राह्मी अक्षरं त्याच्यावर. उन्हात लाकूड वाळलं, ढलप्या सुटल्या, त्यांच्याबरोबर अक्षरंही गळाली. गावातल्या एका पंडितांनी, लक्ष्मीप्रसाद उपाध्यायांनी, ती दिसली तशी आधीच उतरवून घेतली होती, म्हणून मजकूर आज हाती आहे. आणि मजकूर काय? ना राजाची स्तुती, ना युद्ध. नुसते हुद्दे! नगररक्षी, सेनापती, गणक, भांडागारिक, महानसिक, लेखहारक...

संग्रहालयातून निघून गोलबाजारात शिरले आणि हुद्दे समोर चालायला लागले. किराण्याच्या गल्लीत चोपडीवर वाकलेला मुनीम म्हणजे गणक. पोती मोजून घेणारा तो भांडागारिक. पाकिटं घेऊन गर्दीतून स्कूटर काढणारा कुरिअरवाला लेखहारक नाही तर कोण?

मग मुलांना आधी इथेच का आणू नये? पूजासाहित्याच्या, भांड्यांच्या दुकानांमधून फिरवायचं, कोण काय करतं ते लिहून घ्यायला लावायचं, आणि यादी हातात घेऊनच खांबापुढे उभं करायचं. आपल्याकडच्या बहुतेक पाट्या काळ, द्रव्य, प्राप्तिस्थान सांगून मोकळ्या होतात. ती माहिती हवीच. पण पाटी प्रश्न विचारत नाही. त्यासाठी माणूस लागतो, आणि त्या माणसासाठी पैसे बाजूला काढणारा संचालक लागतो. नेतृत्व वगैरे मोठा शब्द आहे, मला तरी त्याचा अर्थ सध्या एवढाच दिसतो.

माझी पहिली सहल ठरलीसुद्धा, मनात. नगररक्षी सोपा, चौकातला पोलीस. सेनापतीवर मुलं अडतील, अडू देत. पण महानसिक, म्हणजे राजाच्या मुदपाकखान्याचा प्रमुख, बाजारात नेमका कोण? समोसे तळणारा की लग्नाच्या पंगतींचं कंत्राट घेणारा? यावर वर्गात दोन तट पडलेच पाहिजेत!