सातभाईंच्या घरचा पाहुणा

येडशीच्या रामलिंग घाटाच्या अलीकडे, माळाच्या कडेला बाभळींची एक ओळ आहे. मृग लागायच्या आगेमागे तिच्या शेंड्यावर एक काळापांढरा, तुरेवाला पक्षी येऊन बसतो आणि ‘पिऊ पिऊ’ करत राहतो. हा चातक. खालच्या झुडपांत सातभाईंचा थवा त्याच्या नावानं नुसता कालवा करत असतो, आणि त्यांचं काही चुकत नाही. आफ्रिकेतून आलेला हा पाहुणा त्यांच्या घरट्यात अंडं घालून मोकळा होणार आणि त्याचं पोर हे सगळं खटलं मिळून वाढवणार. अंड्याचा निळा रंगसुद्धा यजमानाच्या अंड्यांशी असा जुळवलेला की ओळखू येऊ नये. हे पोर मोठं झालं की पावसाळा सरताना निघून जातं. आईबापांना त्यानं कधी पाहिलेलं नसतं, वाट कुणी दाखवलेली नसते. सातभाई तर गावाची शीवसुद्धा सहसा ओलांडत नाहीत.

या दिवाळी अंकाचा विषय ‘प्रवास’ आहे असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला हसू आलं. माझा जन्म याच धाराशिव जिल्ह्यातला, प्राणिशास्त्र शिकवलं ते इथंच, आणि परदेश पाहिला तो नकाशात. आमच्या विषयात प्रवास पक्षी करतात, आम्ही माळावर उभं राहून त्यांची तारीख टिपतो. म्हणून मी माझा प्रवास सांगत नाही. नगर जिल्ह्यातल्या एका पाद्र्याच्या सुट्ट्यांची गोष्ट सांगतो. तिचा आमच्या बाभळीशी संबंध आहे.

सॅम्युअल बेकन फेअरबँक हा अमेरिकन मराठी मिशनचा माणूस. जन्म १८२२ चा, हिंदुस्थानात आला १८४६ मध्ये. त्याची बरीचशी हयात गेली नेवासे तालुक्यातल्या वडाळा बहिरोबा या गावी. आज नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना एसटी या गावावरून जाते. त्याची दुसरी बायको मेरी ही हेन्री बॅलंटाइनची मुलगी. या बॅलंटाइनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरला निघालं. पुढे फेअरबँकची मुलगी केटी नगरच्या रॉबर्ट ह्यूमच्या घरी गेली आणि दुसरी, एमिली, सिलोनमधल्या जाफन्याच्या मिशनमध्ये सून झाली. मिशनमधली ही घराणी आपल्याकडच्या भावकीसारखी एकमेकांत गुंतलेली होती. उन्हाळा आला की सगळे मिळून थंड हवेला जात, आणि बऱ्याच सोयरिकी तिथंच जमल्या असाव्यात, असं मला आपलं वाटतं.

थंड हवेला जाणं ही तेव्हा चैन नव्हती. मुंबईत १८१३ मध्ये हे मिशन सुरू झालं त्याच्या आधीच त्यातलं एक माणूस गेलं होतं. कंपनी सरकारनं कलकत्त्यात राहू दिलं नाही म्हणून सॅम्युअल न्यूअलची बायको हॅरिएट १८१२ मध्ये आफ्रिकेजवळच्या मॉरिशस बेटावर पोचली आणि तिथंच वारली. वय अवघं एकोणीस. मुंबई मिशनचा पहिला खांब गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीनं गेला. तिकडे दक्षिणेत मदुरा (मदुराई) मिशनमध्येही मैदानातल्या तापानं माणसं आणि लेकरं पटापट दगावत होती. १८४५ मध्ये त्या मिशननं पळणी डोंगरावर दोन बंगले बांधले. आजच्या कोडाईकनालची ती सुरुवात. मुंबई आणि मदुरा ही दोन्ही मिशनं बॉस्टनच्या एकाच बोर्डाची. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातलं झुलू मिशनही त्याच बोर्डाचं, आणि ‘मिशनरी हेरल्ड’ मासिकात आफ्रिकेची आणि नगरची पत्रं शेजारी शेजारी छापून येत. त्यामुळे एकमेकांना कधी न भेटलेली ही माणसंही एकमेकांना ओळखत, आणि कुणी कुणाकडे पाहुणा गेला तर पथारीला जागा असायची.

फेअरबँकही असाच कोडाईला गेला. तेव्हा वडाळ्याहून पळणीला जाणं म्हणजे केवढं प्रकरण होतं ते लक्षात घ्या. मुंबई आणि मद्रासचे रूळ रायचूरला जुळले १८७१ मध्ये, आणि त्याची ही फेरी त्याआधीची. कोडाईच्या पायथ्यापासून वर जायचं ते डोलीतून किंवा घोड्यावरून. मोटारीचा रस्ता व्हायला अजून निम्मं शतक होतं. इतक्या दगदगीनंतर एखादा माणूस आठवडाभर पडून राहिला असता. या गृहस्थानं तिथले पक्षी गोळा केले. त्यांत भुवई पांढरी, पोट तांबूस आणि आवाज खणखणीत असलेला एक पक्षी होता. १८६९ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्डनं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं ‘फेअरबँकी’. पळणीचा हा लाफिंग थ्रश म्हणजे आपल्या सातभाईंचा चुलत भाऊ. दोघांचं कूळ एक, लायोथ्रिकिडी. जोडीनं नाहीतर घोळक्यानं हिंडायचं, एकानं तोंड उघडलं की बाकीच्यांनी सूर धरायचा, हा स्वभावही सारखाच. चातक ज्याच्या घरी उतरतो त्याच भावकीतल्या एकाला नगरच्या पाद्र्याचं नाव लागलं, ते त्यानं सुट्टीतही वही मिटली नाही म्हणून.

फेअरबँकची पक्ष्यांची मोठी यादी १८७६ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आली. ते काढणारा अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे पुढे काँग्रेस स्थापन करणाऱ्यांतला. नगरच्या ह्यूमचा आणि याचा घोटाळा माझे विद्यार्थी दरवर्षी करायचे. पण मला या यादीपेक्षाही तिच्या शीर्षकात जास्त गोडी वाटते. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगरच्या आसपास मिळालेले पक्षी, असं ते शीर्षक सांगतं. यातलं नगर हे कामाचं ठिकाण. खंडाळा आणि महाबळेश्वर उघडच थंड हवेची. बेळगावात लंडन मिशनची मंडळी १८२० पासून होती. माझ्या तर्कानं हे शीर्षक म्हणजे एका कुटुंबाच्या सुट्ट्यांचा नकाशा आहे. जिथं मित्राच्या बंगल्यात एक खोली रिकामी होती तिथले पक्षी कागदावर आले. पुढच्याच वर्षी पळणीवरचा लेख आला, तोही याच जातीचा.

कुठल्या पक्ष्याची जुनी नोंद कुठं सापडते याची आम्ही शास्त्रीय कारणं शोधत बसतो. पाऊस, उंची, झाडोरा. ती आहेतच. पण एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी महाबळेश्वरी दाट का आणि बालाघाटच्या पठारावर विरळ का, याचं पहिलं उत्तर सरळ आहे. आमच्याकडे कुणाचा मित्र राहत नव्हता. हा मुलूख निजामाचा. मिशन सोलापूरला १८६० च्या दशकात आलं आणि बार्शीपर्यंत पसरलं, पण धाराशिव हे सुट्टी घालवायचं ठिकाण नव्हतं. नाही म्हणायला एक बंगला होता, नळदुर्गच्या किल्ल्यात. १८५३ च्या तहानं निजामानं नळदुर्ग इंग्रजांच्या हवाली केलं तेव्हा फिलिप मेडोज टेलर इथला कारभारी झाला आणि १८५७ पर्यंत राहिला. उन्हाळ्यात तो तुळजापूरला जाई, तिथली हवा त्याला मानवे. ‘तारा’ ही त्याची १८६३ मधली कादंबरी तुळजापुरातच सुरू होते. टेलर चित्रं काढी, जमिनी मोजी, रस्त्याकडेला झाडं लावी. त्याच्या वेळेला नळदुर्गच्या पाणीमहालाच्या भिंतीवर पावसाळ्यात कोणकोण बसत होतं, हे त्यानं लिहून ठेवलं असतं तर मी त्याच्या सगळ्या कादंबऱ्या माफ केल्या असत्या. १८६० मध्ये नळदुर्ग निजामाला परत गेलं आणि तो बंगलाही मिटला.

नोंद नसली की काय होतं ते माळढोकाकडे बघून कळतं. नगर जिल्ह्यात १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका गोऱ्यानं ९६१ माळढोक मारले, हा आकडा पुस्तकात आहे, कारण मारणाऱ्यानं हिशेब ठेवला. त्याच माळाचा पदर आमच्या भूम, परांड्यापर्यंत येतो. इथं किती होते? म्हातारी माणसं म्हणतात, ‘लई होते.’ लई म्हणजे किती, याचा आलेख काढता येत नाही. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तरी आज माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

फेअरबँकची आरती मला ओवाळायची नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे पक्षी बंदुकीनं मारून, पेंढा भरूनच शास्त्राच्या दारात जात. पण माझी तक्रार वेगळी आहे. पक्षी कुठल्या झाडात आहे हे त्याला कुणी दाखवलं? डोली कुणाच्या खांद्यावर होती? नगरकडे काय आणि आमच्या कळंबकडे काय, पाखराची खडान्खडा माहिती असते ती पारध्यांना. मला तित्तिराचा आवाज नराचा कुठला आणि मादीचा कुठला हे शिकवलं ते एका पारधी आजोबांनी, शेळ्या राखताराखता. पुस्तकातून ते मला दहा वर्षांत जमलं नव्हतं. मी त्यांना ‘बाबा’ म्हणायचो, ते मला ‘मास्तर’ म्हणायचे, आणि माझ्या पहिल्या छापील लेखात त्यांचं नाव नव्हतं. फेअरबँकला बोल लावताना हेही सांगायला हवं.

ज्या ह्यूमच्या नियतकालिकानं फेअरबँकला जागा दिली, त्याच्या नशिबी काय आलं? अनेक वर्षं जमवलेली त्याची हस्तलिखितं शिमल्यातल्या घरातून नोकरानं रद्दीत विकली. खचलेल्या ह्यूमनं आपला ऐंशी हजारांवरचा संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. हे मी वर्गात रंगवून सांगायचो. नंतर माझ्याच घरी तसंच घडलं. एका दिवाळीच्या साफसफाईत माझ्या सात वह्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यातून गेल्या. मी परगावी होतो. सौभाग्यवतींना बोलून उपयोग नव्हता, कारण वह्या गठ्ठ्यावर ठेवल्या होत्या मीच. त्यांत १९९३ ची वही होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला, सास्तूर आणि लोहाऱ्याकडची गावं होत्याची नव्हती झाली. तेव्हापासून मला हटकून विचारतात, ‘सर, पाखरांना आधी कळलं होतं का हो?’ त्या आठवड्याचं पान माझ्याकडे नाही. आठवणीतून मी उत्तर देत नाही. माणसाची आठवण अशा वेळी जे घडायला हवं होतं तेच सांगते.

आता दिवाळीकडे येतो. या दिवसांत चातक इथं नसतो. त्याच्या जागी उत्तरेचे पाहुणे उतरलेले असतात. परीट तळ्याकाठी शेपटी हलवत फिरतो, ज्वारीच्या रानावरून भोवत्या तरंगत जातो, बोरी नदीच्या पाण्यावर चक्रवाकाची जोडी येते. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे ढग येतील आणि माळ्यावर गोफण फिरेल. आणि अगदी वरून, न थांबता, अमूर ससाणे जातात. चीन–सैबेरियातून निघून ते नागालँडात विसावतात, मग मध्य भारत आणि दख्खन ओलांडून, अरबी समुद्रावरून आफ्रिका गाठतात. २०१३ मध्ये नागालँडात काहींच्या पाठीवर यंत्रं बसवली तेव्हा ही वाट उपग्रहानं दाखवली. आदल्याच वर्षी तिथं त्यांची बेसुमार शिकार झाली होती, आणि त्याच गावांनी पुढं ती थांबवली. आमच्या माळावरून ससाणे जाताना मी दोनदाच पाहिले. तोंडं वर करून उभे असलेले आम्ही दोघंतिघं बघून एका शेतकऱ्यानं विचारलं होतं, ‘विमान येणार हाय का?’

आता नोंदी मोबाइलवर होतात, पण जुनी खोड गेलेली नाही. रिसॉर्टच्या आणि डांबरी रस्त्याच्या आसपास नकाशावर नोंदींचे ठिपके दाट पडतात. येडशी–रामलिंगचं अभयारण्य १९९७ चं, सुमारे २२ चौरस किलोमीटरचं. तिथं रविवारी कॅमेरे येतात. वाशी, भूम, परांडा मात्र नकाशात अजून पांढरे आहेत. तिथं आजही कुणाचा मित्र राहत नाही, असं समजायचं का? तिथं तुमच्यापैकी कितीतरी जणांची मामाची गावं आहेत.

म्हणून एक मागणं आहे. दिवाळीला परांड्याला आत्याकडे जाणार असाल, तर फराळाच्या आधी अर्धा तास शेताच्या बांधावर उभे राहा आणि दिसलं ते लिहा. नाव ठाऊक नसेल तर रंग लिहा. आणि तुमच्यातलं कुणी नैरोबीला मित्राकडे जाणार असेल (तिथं महाराष्ट्र मंडळ आहे, म्हणजे चकली मिळेलच) तर यजमानांच्या कुंपणाकडे एकदा बघा. काळापांढरा, तुरेवाला पक्षी शेंड्यावर दिसला तर तो आमच्या बाभळीवरचाच, असं म्हणता येणार नाही. आफ्रिकेत राहणारे चातकही आहेत आणि नुसत्या डोळ्यांनी भेद कळत नाही. तरी तारीख, वेळ आणि जागा लिहून आणा, आणि वही वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवू नका.