दुसरी चावी

नवी गाडी घेतली की शोरूममधून दोन चाव्या मिळतात. एक गाडीला लागते. दुसरीचे काय करायचे हा प्रश्न प्रत्येक घर आपापल्या स्वभावाप्रमाणे सोडवते. कोणी ती कपाटात दागिन्यांच्या डब्यात ठेवतो, कोणी विम्याच्या कागदांबरोबर पिशवीत, कोणी देवघराच्या फळीवर. आमच्या गल्लीतली बरीच मंडळी ती माझ्या अब्बांकडे आणून देत.

अब्बा मिरजेच्या बाजारात चाव्या बनवत. एक लाकडी पेटी, छोटा वाइस, चार-पाच कानशी आणि कोऱ्या चाव्यांच्या माळा, एवढाच संसार. मूळ चावी असली तर काम सोपे. ती नसली, तर कोरी चावी दिव्याच्या काजळीवर काळी करायची, कुलपात घालून जोर देऊन फिरवायची आणि बाहेर काढून उजेडात धरायची. आतल्या पिना जिथे टेकल्या तिथे सुईच्या टोकाएवढे ठिपके चमकतात. तेवढ्याच जागी कानस चालवायची, पुन्हा घालून बघायची. दहा-पंधरा वेळा असे केले की कुलूप मानते. लुना, राजदूत, जुन्या स्कूटर यांची कुलपे तर इतकी झिजलेली असत की एकाची चावी दुसऱ्याच्या गाडीला लागे. चुकून दुसऱ्याचीच स्कूटर घेऊन घरी पोचलेल्या माणसाचा किस्सा प्रत्येक गावात एक तरी असतोच.

गल्लीतल्या चाव्या आमच्या घरात दाराआडच्या पाटीवर, खिळ्यांना टांगलेल्या असत. कुणाच्याच चावीवर नाव नसे, फक्त रंगीत दोरा. नाव लिहिले तर चोराला पत्ताच दिल्यासारखे, असे अब्बांचे म्हणणे. लाल दोरा गुरुजींचा, हिरवा दूधवाल्यांचा, हे घरात सगळ्यांना पाठ होते. लहानपणी मी एकदा विचारले, एवढ्या चाव्या आपल्याकडे, मग एखादी गाडी फिरवून आणली तर काय बिघडले? अब्बा म्हणाले, "लोहा अपना नै बेटा, अमानत है."

अमानत हा शब्द आमच्याकडे हलक्या हाताने वापरत नाहीत. इ.स. ६२२ मध्ये हिजरतीच्या वेळी मक्केचे लोक पैगंबरसाहेबांच्या जिवावर उठले होते, आणि त्याच लोकांच्या ठेवी त्यांच्याकडे होत्या. त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी हजरत अलींना मागे थांबावे लागले. पुढे हिजरी सन ८ मध्ये मक्का जिंकल्यावर काबागृहाची चावी हाती आली, तीही त्यांनी पूर्वीच्याच रखवालदाराला, उस्मान बिन तल्हांना परत दिली. सूरह निसामधली अमानतीविषयीची आयत याच प्रसंगी उतरली, असे अनेक भाष्यकार सांगतात. शैबी घराण्याकडे ती चावी आजही आहे. अब्बांना एवढा इतिहास तपशिलाने माहीत होता की नाही, मी सांगू शकत नाही. खिळे मात्र ते स्वतःच्या हाताने ठोकत.

१९९८ च्या सुमारास गुरुजींची हिरो होंडा बाजारातून चोरीला गेली. विमा कंपनी चोरीच्या दाव्यात दोन्ही मूळ चाव्या मागते. गुरुजींची दुसरी चावी आमच्या पाटीवर होती. ही गोष्ट जबाबात आली आणि अब्बांना चौकीवर बोलावणे आले. तिथला माणूस म्हणाला, "चावीवाला, आणि त्यात पुन्हा..." वाक्य त्याने पुरे केले नाही. पुरे करायची गरजही नव्हती. गुरुजी शेजारी बसले होते. ते उठून म्हणाले, "चावी मी ठेवलीय. माझ्या घरात राहिली असती तर आज ती तुम्हाला दाखवताही आली नसती." प्रकरण तिथेच मिटले.

त्या रात्री अब्बांनी पाटीवरच्या सगळ्या चाव्या उतरवल्या आणि घरोघर जाऊन परत दिल्या. अम्मीने खूप समजावले. ते काही बोलले नाहीत. आठवड्याभरात सात-आठ चाव्या परत आल्या. गुरुजींनी तर नवी गाडी घेतली त्याच संध्याकाळी लाल दोरा बांधूनच चावी आणली. पण काही खिळे रिकामे राहिले, ते राहिलेच. कोणाचे, तेही घरात सगळ्यांना पाठ होते.

आता धाकट्या भावाने बिनचावीची स्कूटर घेतली आहे. ही सोय आधी महागड्या मोटारसायकलींत आली, कावासाकीच्या १४०० जीटीआरला ती २००७ सालीच होती. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये ॲक्टिवालाही स्मार्ट की मिळाली आणि गोष्ट गल्लीबोळात पोचली. रिमोट खिशात ठेवायचा, गाडीवरची मूठ दाबून फिरवायची. गाडी बारीक लहरीने विचारते, कोण आहे. रिमोट आपला संकेत सांगतो. जुळला की इंजिन सुरू. आत रुपयाएवढा बटणसेल असतो. तो मेला की बाकीचे शहाणपण संपले.

सोय आहे, नाही कशाला म्हणू? पण सवयी जुन्या आहेत. दुसरी चावी डिकीत टाकून ठेवणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत. इथे तसे केले तर गाडीला वाटणार, मालक कायम जवळच आहे. भावाने एकदा चालू गाडी मित्राच्या हाती दिली आणि रिमोट राहिला त्याच्याच खिशात. गाडी धावत राहिली, कारण चालत्या गाडीचे इंजिन मधेच बंद पडणे धोक्याचे. मित्राने पेट्रोल पंपावर ती बंद केली, मग पुन्हा सुरू होईना. शुक्रवारी मशिदीसमोर गाड्यांची दाटी होते. पूर्वी कोणी हँडललॉक न करता चावी लावून ठेवी, की दुसऱ्याला गाडी सरकवता यावी. आता मालक सफमध्ये आणि रिमोट त्याच्या कुर्त्यात.

अब्बांची कानस इथे चालत नाही. नवा रिमोट गाडीला ओळख करून द्यायला यंत्र लागते. बाजारातल्या तरुण पोरांनी तशी यंत्रे घेतली आहेत. अब्बा त्यांच्याकडे बघतात, नावे ठेवत नाहीत.

परवा गुरुजींचा मुलगा आला. त्यानेही तसलीच गाडी घेतली आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीतला दुसरा रिमोट त्याने अब्बांपुढे ठेवला आणि म्हणाला, "चाचा, लाल दोरा संपला होता, निळा बांधलाय." अब्बांनी तो खिळ्याला लावला. भावाने लगेच उतरवला. गुरुजींच्या घराची आणि आमची भिंत एकच, आणि त्यांची गाडी बरोबर त्या भिंतीला लागून उभी असते. रिमोट दोन मीटरच्या आत असला की गाडी कोणाच्याही हाताने सुरू होईल. अब्बांनी हे दोनदा समजावून घेतले. मग मागच्या खोलीत गेले, अम्मीचा शेवयांचा पत्र्याचा डबा रिकामा करून घेतला, रिमोट आत ठेवून झाकण दाबून लावले आणि निळा दोरा झाकणाबाहेर थोडा लोंबता ठेवला.