अब्बांचे सदरे

आमच्या मिरजेकडे गोधडीला वाकळ म्हणतात. वसईत आल्यावर शेजारपाजारच्या तोंडून गोधडी हा शब्द ऐकला. आता नालासोपाऱ्यातल्या माझ्या वर्गात उत्तर प्रदेशातून आलेली मुलं तिला कथरी म्हणतात. आमच्या उर्दूत गुदडी. एकदा मराठीच्या तासाला मी फळ्यावर हे चारही शब्द लिहिले आणि विचारलं, "घरी कोण कोण शिवतं?" दोनच हात वर झाले. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "टीचर, गाव में दादी सिलती थी. यहाँ तो ब्लँकेट है."

मलाही ब्लँकेटच आवडायचं. लग्नात अम्मीनं नानीच्या हातची वाकळ माझ्या पेटीत घातली, तेव्हा सासरी कोणी बघू नये म्हणून मी ती तळाशी दडपली होती. बी. एड. झालेल्या सुनेच्या जहेजात चिंध्या!

ती वाकळ पुन्हा हाती आली जुलै २०१८ मध्ये. त्या पावसात वसई ते विरार गाड्या बंद पडल्या, नालासोपाऱ्याचे रूळ दिसेनासे झाले आणि आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत गुडघाभर पाणी आलं. पेटी भिजली. पाणी ओसरल्यावर वाकळ बाहेर काढली तर दोघांना उचलेना. पावसाच्या दिवसांत ती वाळेचना, वास येऊ लागला. शेवटी एका बाजूचे टाके उसवले, म्हटलं थर तरी वेगवेगळे वाळतील.

आत नानीचं नऊवारी लुगडं निघालं. आमच्या नानीच्या पिढीतल्या गावाकडच्या मुसलमान बायका लुगडं नेसत, हे आता इथं सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. त्याखाली आणखी जुनी एक वाकळ होती, झिजून चाळणीसारखी झालेली. नानीनं ती टाकली नव्हती, नव्या वाकळेच्या पोटात घातली होती. मी ते थर पुन्हा जुळवले आणि शिवायला बसले. तिथून हा नाद लागला. आजवर सात झाल्या. एकही विकलेली नाही.

काम तसं अवघड नाही, फक्त चिकाटीचं आहे. कापड सुती आणि चांगलं वापरलेलं हवं. नवं कापड धुतल्यावर आटतं, मग सगळी गोधडी आक्रसते. आधी गरम पाण्यातून काढायचं, वाळवायचं, मग कात्रीनं न कापता हातानं फाडायचं. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्री भरकटते. जमिनीवर अस्तर ताणून त्याच्या चारी कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवायचं. मी पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे ठेवते. त्यावर आतले थर, वर तुकडे, मग लांब लांब कच्चे टाके. ते घातले नाहीत तर कापड सरकून मधे गोळा होतं. माझ्या पहिल्या गोधडीच्या मधोमध तसं टेंगूळ आहे. शेवटी काठापासून आत फिरत फिरत धावदोरा घालायचा, दोन ओळींत बोटभर अंतर.

कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायका कवंद शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यात मुसलमान आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्तीही आहेत, आणि गोधडी तिघींच्याही घरी होते. त्याही काठापासूनच आत शिवत येतात. चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाचे त्रिकोण बसवतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसेल तर कवंद उघडीवाघडी, पुरी झालीच नाही, असं त्या मानतात. हे वाचल्यापासून मीही कोपऱ्यांना त्रिकोण लावते. अम्मी म्हणते, "ये क्या नवा खूळ गे?"

मे २०२१ मध्ये अब्बा गेले. चाळिशीनंतर अम्मीनं त्यांचं कपाट उघडलं. अकरा सदरे, चार लुंग्या, दोन पायजमे. तिच्या मनात सगळं गरजूंना वाटून टाकायचं होतं. मी म्हटलं, मला गोधडी करायची आहे. ती रागावली. "बाप के कपडे फाडती क्या?" असं म्हणून दोन दिवस बोलली नाही. मग मशिदीतल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, मयताचे कपडे हाही तरकाच आहे, त्यावर सगळ्या वारसांचा हक्क आहे, प्रत्येकाची मर्जी घ्या.

हे मला माहीत होतं, पण घरादारासाठी, शेतीसाठी. कॉलर झिजलेल्या सदऱ्यांसाठी वारसांची संमती मागायची म्हणजे मला पोरकटपणा वाटला. तरी विचारलं. बहीण म्हणाली, "घे, पण लुंगी एक मला दे." अम्मीनं धडके सहा सदरे वाटायला काढले आणि झिजके पाच माझ्यापुढे ठेवले. भाऊ कुवेतला असतो. तो फोनवर बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "निळ्या चौकडीचा नको फाडूस, बाजी. मी आल्यावर घेईन."

बाकीचे चार टेरीकॉटचे निघाले. टेरीकॉट गोधडीला वैरी. फाटत नाही, सुई सरकते, कडेला धागे सुटतात, घामही शोषत नाही. प्रत्येक तुकड्याची कड दुमडून घ्यावी लागली. अस्तराला आणि आतल्या थरांना लुंग्या लावल्या. त्या मऊ होत्या. एका खिशावर शाईचा डाग होता, तो तसाच वर ठेवला. रात्री वह्या तपासून झाल्या की तासभर शिवायचे. सात महिने लागले. मधल्या काळात अम्मी येऊन बसू लागली, आधी नुसती बघायला, मग सुईत दोरा ओवून द्यायला. मोतीबिंदू असून ती हट्टानं ओवायची, मीही थांबून राहायचे. एकदा शाळेतून आले तर माझ्या दोन ओळी उसवून तिनं पुन्हा घातलेल्या. म्हणाली, तिरक्या गेल्या होत्या. तिच्याही तिरक्याच गेल्या आहेत.

मधोमध एक चौकोन रिकामा राहिला. तो चौकडीच्या सदऱ्यासाठी होता. भुईगावच्या एक ख्रिस्ती मावशी आमच्या गल्लीत भाजी घेऊन येतात. त्यांनी आईच्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा आणून दिला. "रिकामं नको ठेवू, बाय," म्हणाल्या. तो तिथं बसवला आहे, पण कच्च्या टाक्यांनी.

भाऊ मागच्या वर्षी आला होता. सदरा अंगात घालून पाहिला, खांद्यात घट्ट झाला. काढून घडी केली आणि पुन्हा कपाटात ठेवला. कुवेतला नेला नाही आणि फाड असंही म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.